मधल्या नळाचं पाणी

मेघाश्रीने पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीतून टेम्पो आणला तो थेट फाटकात. त्यातून तिच्या खांद्याला लागतील अशी दोन निळी नळकांडी उतरली, तेव्हा मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत जो तो आपापल्या दाराशी आला. भागीरथीबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, तरी त्या सांगत होत्या, "आमच्या मेघाचं काम आहे हे. दुकानातलं नाही हो. हिच्या कारखान्यात, हिच्या हातचं."

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी श्वेता गॅलरीत वाकली. पुण्याची पोर, ऐटीतली नोकरी, आणि इथे आल्यापासून केसांचं एकच रडगाणं. "काकू, फायनली! म्हणजे माझे केस आता वाचणार ना?"

"उरलेत तेवढे वाचतील," मेघाश्री खालून म्हणाली. तिने ओढणी कमरेला खोचली आणि पाना उचलला.

लेकीला असं पान्याशी पाहिलं की भागीरथीबाईंच्या छातीत काहीतरी भरून यायचं. बाकीच्यांच्या मुली कुठे कुठे काचेच्या इमारतींत बसायच्या. ह्यांची लेक पीण्याच्या शेडमध्ये पाण्याच्या शुद्धीकरणाची यंत्रं जोडायची, आणि तिचे हात तिच्या बापासारखे होते, बोटं रुंद, नखं आखूड. बाप रंगारी. त्याच्या हाताला जन्मभर लाल झाक होती. लेकीच्या हाताला पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास. दोन्ही हात पाण्यावरच जगलेले.

घर रंगाऱ्यांचं होतं ना. बाजाराचा रंग कधीच गिरण्यांत गेला, मालक, म्हणजे मेघाचा बाप, गेल्यावर मोठे हंडेही विकले. पण एक तांब्याचा हंडा परसातल्या शेडमध्ये राहिला होता, आणि राहिला होता तो एकाच कामासाठी. समाजाच्या देवळातल्या देवीला नवरात्रात जे लाल लुगडं नेसवायचं, ते ह्याच घरात रंगायचं. मंजिष्ठीच्या मुळांचा लाल. दुकानाच्या पुडीतला नव्हे.

आणि गेल्या वर्षी त्या लुगड्याने दगा दिला. घटस्थापनेला घडी उलगडली, तर पदरावर राखाडी डाग, जसा काही कोणी ओल्या राखेचा हात पुसलाय. बोअरचं पाणी दरसाल खोल खोल चाललं होतं. नळाखालची फरशी गंजाने तांबूस झालेली, साबण लावला तर फेसाऐवजी दह्यासारखी साय. त्यात कापड धुवायचं कसं आणि रंगवायचं कसं? बायका कुजबुजल्या. देवळाचे कारभारी खंडोजी अण्णा मात्र बाजूला येऊन हळूच बोलले. "अक्का, यंदा झालं ते झालं. पुढल्या साली आधी तुकडा रंगवून दाखवा. जमलं तर सरी, ठीकच. नाही जमलं तर चिकपेटेच्या बाजारातनं तयार लुगडं आणू. देवी काय रागावणार नाही."

देवी नाही रागावणार, मी रागावेन, असं भागीरथीबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्या घरी येऊन जेवल्या नाहीत, एवढंच.

त्यानंतरच मेघाश्रीने यंत्राचं मनावर घेतलं होतं.

बोअरचं पाणी साठायच्या जमिनीखालच्या हौदापासून, म्हणजे संपपासून, गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाणारा पाइप तिने मध्येच कापला आणि त्याच्या वाटेत दोन्ही नळकांडी उभी केली. आईला ती बोटाने दाखवत होती. "हे पहिलं गंज अडवतं, गाळही अडवतं. मग पाणी ह्या दुसऱ्यात जातं. ह्यात बारीक मण्यांसारखे दाणे आहेत, ते पाण्यातला क्षार धरून ठेवतात. दाणे थकले की त्या बाजूच्या टाकीतलं मिठाचं पाणी पाजायचं, की परत ताजे. तिथून पाणी वर टाकीत, आणि टाकीतून सगळ्या घराला."

"माणसासारखंच की," भागीरथीबाई म्हणाल्या. "थकलं की काहीतरी पाजायचं."

"फक्त तुळस आणि कढीलिंबाला संपचं साधं पाणी ठेवते. झाडांना हे सोसत नाही. शेडच्या नळालाही साधंच ठेवू का? एकदा तुकडा रंगवून बघू, मग ठरवू."

भागीरथीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काय बोलतेस तू? हे सगळं मांडलंय कशासाठी? आधी शेडला. मऊतलं मऊ पाणी शेडला. रंगाऱ्याच्या घरात जन्मलीस आणि एवढं कळेना? आपल्या जुन्या विहिरीचं पाणी लोण्यासारखं होतं, म्हणून रंग चढायचा. तुझी आजी पाण्यात बोट घालून सांगायची."

"बरं, सरी," मेघाश्री हसली. रंगातलं आईला जास्त कळतं, हे तिने लहानपणीच मान्य केलेलं होतं. तिने शेडलाही मऊ पाण्याची जोडणी दिली.

चौथ्या रविवारी मोटार सुरू झाली. पाणी दोन्ही नळकांड्यांतून घोंघावत वर गेलं, आणि थोड्या वेळाने भागीरथीबाईंनी स्वयंपाकघरातला नळ उघडून साबण हातात घेतला. फेस असा आला की मनगटावरच्या बांगड्या दिसेनाशा झाल्या. तूरडाळ पहिल्या उकळीतच फुटली. स्टीलची पातेली वाळली तरी त्यांवर पांढरा पापुद्रा धरेना. वरून श्वेताची हाक आली. "काकू, साबण निघतच नाहीये! मी मघापासून धुतेय, अजून बुळबुळीतच!"

"निघालाय गं तो! तुला खरखरीत राहायची सवय झालीय!" भागीरथीबाई ओरडल्या, आणि शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसल्या. त्या दिवशी दारावरून जाणाऱ्या तीन-चार जणांना तरी त्यांनी आत बोलावून हात धुवायला लावले.

मग त्यांनी शेडचं दार लावून घेतलं. नव्या पाण्यात सुती तुकडा धुतला, रंग धरावा म्हणून हिरड्यात बुडवला, तुरटी पाजली, वाळवला. हंड्यात नव्या नळाचं पाणी चढवलं, मंजिष्ठीची कुटलेली मुळं सोडली, खाली बेताचा जाळ केला. जाळ मंद ठेवायचा तर मन मंद ठेवावं लागतं, आणि मन मंद ठेवायला सासूबाई गायच्या तेच त्या गाऊ लागल्या.

*मंजिष्ठीच्या मुळा, तुझं अंग काळंसावळं*
*पोटामंदी तुझ्या गं, उगवतीचं जावळं*

*हंड्याखाली जाळ, जाळ बाई बेतानं*
*रंग आला भेटाया, कापडाला हेतानं*

तुकडा वर काढला. एकही डाग नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी एकसारखा रंग.

आणि तो लाल नव्हता. जुन्या गुळाचा रंग होता तो. मळकट तपकिरी, निजलेला.

भागीरथीबाईंनी तो पुन्हा बुडवला. जाळ वाढवला, कमी केला, मुळं आणखी घातली. तुकडा गडद झाला, पण लाल होईना. मेघाश्री कामावरून आली तेव्हा आई शेडच्या उंबऱ्यावर बसलेली होती, तुकडा मांडीवर.

"तुझं ते पाणी ने परत," भागीरथीबाई म्हणाल्या. "परवा खंडोजी अण्णा तुकडा बघायला यायचेत. गेल्या वर्षी निदान डाग पडले होते, लाल तरी होतं. यंदा मी देवीला काय गुळाची ढेप नेसवू?"

मेघाश्रीच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. आत जाऊन तिने हातपाय धुतले, आणि भागीरथीबाईंना वाटलं, आपण हे काय बोललो. चार रविवार पोर गुडघ्यांवर बसून पाइप जोडत होती.

ती परत आली ती बादली घेऊनच. "आई, अजून एक तुकडा आहे ना हिरडा-तुरटी दिलेला? मोटार लावते. तुळशीच्या नळाचं पाणी घेऊन रंगव."

"त्यात गंज आहे."

"असू दे. मला बघायचंय."

हा तुकडा लवकरच पेटला. हो, पेटलाच म्हणायचं. हंड्यातून वर येताना तो लाल होता, कुंकवासारखा लाल, आणि त्यावर जागोजाग तीच राखेची बोटं. मायलेकींनी दोन्ही तुकडे दोरीवर शेजारी शेजारी लावले. एकाला रूप होतं पण अंगभर देवीचे वण, दुसऱ्याची कातडी नितळ पण जीव नाही.

"डाग गंजाचे," मेघाश्री म्हणाली. "हिरड्याला गंज लागला की काळं पडणारच. ते पहिलं नळकांडं थांबवतं. पण लाल कुठे गेला? तो दुसऱ्या नळकांड्यात गेला."

"त्यात काय अडकतं म्हणालीस?"

"क्षार. म्हणजे मुख्य चुना गं."

भागीरथीबाईंनी तपकिरी तुकड्याला बोट लावलं. डोळ्यांसमोर जुनी विहीर आली. तिच्या पाण्याने भरलेले माठ, आणि प्रत्येक माठाच्या काठाला पांढरी कड, नखाने खरवडली तरी न जाणारी. बंब दर उन्हाळ्यात आतून ठोकून साफ करावा लागायचा, इतकं पांढरं बसायचं. कसलं लोणी आणि कसलं काय! ती विहीर मऊ नव्हतीच. ती फक्त स्वच्छ होती. सगळ्या घराने तिच्या कौतुकापायी तिला मऊ करून टाकलं होतं.

"चुना लागतो ह्या मुळाला," त्या हळूच म्हणाल्या. "चुना हवा, गंज नको. अगं, आणि मीच तुला सांगितलं, शेडला मऊ दे म्हणून. तू विचारलंस तरी."

"मलाही कुठे माहीत होतं? मी नुसतं विचारलं."

"पण विचारलंस ना."

मेघाश्री उठून नळकांड्यांपाशी गेली. पहिल्यातून निघून दुसऱ्यात शिरणारा वीतभर पाइप होता. तिने त्याच्यावर बोट टेकवलं. "इथलं पाणी बघ, आई. गंज सुटलाय, चुना अजून आहे. इथे एक टी, तीन तोंडांचा जोड, बसवली आणि नळ काढला, की झालं."

"एवढं नीट बसवलेलं कापणार?"

"मीच बसवलंय. मीच कापणार."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. करवतीने तो सरळ, देखणा पाइप कापला, टी जोडली, त्याला नळ लावला, आणि सोल्युशन वाळेपर्यंत दोघी चहा घेत तिथेच बसल्या. श्वेता उतरून आली आणि घाबरून म्हणाली, "अय्यो, काकू, प्लीज माझं पाणी परत हार्ड नका करू हं!" एव्हाना तिलाही अय्यो लागलं होतं.

"तुझं नाही गं. तू मऊच राहा," मेघाश्री म्हणाली. "हा नळ देवीचा."

कापड धुवायला मऊ पाणी घेतलं, कारण मळ काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. मग हिरडा, तुरटी आणि उन्हात वाळवण. रंगाला मधल्या नळाचं. मोटार सुरू होती तोवर मेघाश्रीने हंडा भरला. भागीरथीबाईंनी जाळ घातला आणि गळा आपोआप उघडला, पण ह्या खेपेला ओवी सासूबाईंची नव्हती.

*हंड्यामंदी पाणी, पाणी आणलं लेकीनं*
*सोडला मी धागा, रंग चढला नेकीनं*

"हे कधी रचलंस?"

"आत्ताच. गप ढवळ."

तुकडा वर आला. उतरत्या उन्हात तो ओला तुकडा असा दिसत होता, की भागीरथीबाईंनी त्याला हात लावायच्या आधी पदराला हात पुसले. लाल, एकसारखा, आतून उजेड असलेला लाल. इतका चांगला तर मालकांच्या हाताखालूनही क्वचितच निघाला असेल. हे त्यांना मनात म्हणतानाही अवघड गेलं, पण त्या म्हणाल्या.

खंडोजी अण्णा सांगितल्याप्रमाणे आले. तुकडा त्यांनी उन्हात धरला, उलटा केला, कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासला. रुमाल पांढराच राहिला.

"अक्का," ते शेवटी म्हणाले, "चिकपेटेतल्या माणसाला मी स्वल्प, अर्धामुर्धा शब्द दिला होता. तो आता परत घेतो. लुगडं तुमच्याकडेच. पण हे पाणी आणलंत कुठनं? टँकर मागवला?"

"इथलंच. खालच्या संपमधलं."

ते नळकांडी बघायला गेले. चष्मा लावून त्यांनी एक एक जोड पाहिला. "बरं काम आहे. कुठल्या कंपनीचा माणूस आला होता बसवायला?"

"माणूस आणावा लागला नाही, अण्णा," भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, इतका तो उंच होता. "घरातच होती. ही काय."

मेघाश्री गुडघ्यावर बसून नळाभोवती टेप घट्ट करत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले.

"बरं, आणि ऐका," भागीरथीबाई म्हणाल्या, "घटस्थापनेला तुम्ही माइकवर सांगता ना, रंग अमुक घरचा म्हणून? यंदा नुसता रंग सांगायचा नाही. रंग भागीरथीबाईंचा, पाणी मेघाश्रीचं. दोन्ही नावं."

"पाण्याचं नाव कोण घेतं हो अक्का? कधी घेतलेलं नाही."

"पाणी विहिरीचं होतं तोवर नाही घेतलं. विहिरीला नाव कशाला हवं! हे पाणी माणसानं केलंय."

खंडोजी अण्णांनी तुकड्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा एकदा बघितला. "मेघाश्री नुसतं, की पुढे इंजिनियर लावायचं?"

"लावा की!" भागीरथीबाई म्हणाल्या, आणि नऊवार कापड भिजत घालायला आत गेल्या.