प्रेन्टिस यांची पद्धत

लॉरेटा कोवाचने बादली पायाने सरकवली आणि छताच्या नळातून टपकणारा थेंब बरोबर तिच्या मध्यात पडतोय ना, ते वाकून पाहिलं. नळ वाफेचा होता. पाणी कोमटच असायचं, पण मुलांच्या कागदांवर पडलं की शाई पसरायची. ती सरळ झाली तेव्हा दारात प्रोफेसर ऑल्डन प्रेन्टिस उभा होता. गळ्यात लोकरी मफलर, हातात कोरी करकरीत फाइल.

"हीच का ती खोली?"

"हीच. डोकं सांभाळा, नळ खाली आलाय."

तो वाकून आत आला. उभा जन्म या कॉलेजात शिकवण्यात गेला, पण तळघरात तो आज पहिल्यांदा उतरत होता. सतराव्या शतकातल्या कवितेचा त्याचा वर्ग या सत्रात भरलाच नाही. चार मुलांसाठी कोण वर्ग चालवणार? तेव्हा तास पुरे करायला म्हणून डीनबाईंनी पायाभूत लेखनाचा एक वर्ग त्याच्या माथी मारला होता. प्रवेशाच्या वेळी ज्यांना धड एक पान लिहिता येत नाही, त्यांच्यासाठीचा हा वर्ग. त्याचे गुण पदवीत धरत नसत, म्हणून मुलं त्याला 'शून्याचा वर्ग' म्हणायची. हे वर्ग आणि पहिल्या वर्षाचं सगळं निबंधलेखन लॉरेटाच्या ताब्यात होतं. पाटी समन्वयकाची, पण ती स्वतः कधी प्राध्यापक झाली नव्हती, आणि तिच्या हाताखालचे शिक्षक तर बहुतेक तासिका तत्त्वावरचे. दर सत्राला नवा करार, किंवा नाहीच.

काही वर्षांपूर्वी विभागाच्या बैठकीत तिने वरच्या मजल्यावर एक खिडकीवाली खोली मागितली होती. तेव्हा प्रेन्टिस चष्मा पुसत म्हणाला होता, "खिडकीबाहेर बघायला त्यांना सवड कुठे? आधी एक वाक्य तर पुरं करू द्या." सगळे हसले होते. लॉरेटाही हसली होती. बाकीच्यांपेक्षा स्वतःचं ते हसणंच तिला जास्त लागलं होतं.

आता तोच माणूस बादलीकडे बघत उभा होता.

"काही सूचना?" त्याने विचारलं. आवाजात चेष्टा होती की घाबरणं, ते कळेना.

"सगळं फाइलीत आहे," लॉरेटा म्हणाली आणि निघून आली. फाइल तिनेच तयार केली होती. तो ती उघडणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत रोनेट गॅस्किल तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चाळिशीची बाई. दिवसभर घरोघरी म्हाताऱ्या आजाऱ्यांचं करायची आणि संध्याकाळी वर्गाला यायची. अंगात अजून कामाचा निळा सदरा होता.

"मिस कोवाच, वर्गातून नाव काढायचं तर सही कुठे लागते?"

"का काढतेस?"

रोनेटने पिशवीतून निबंध काढून पुढे ठेवला. पान लालेलाल होतं. शेवटी प्रेन्टिसच्या सुबक अक्षरात एकच ओळ होती: 'हे वाचता येत नाही.'

"मला वाटायचं मला थोडंफार येतं," रोनेट म्हणाली. "बरं झालं, लवकर कळलं. तो वेळ मी आणखी एका पेशंटला देईन."

"एक आठवडा थांब."

"आठवड्याने काय होणारे?"

"मला माहीत नाही. तू थांब तर खरी."

तोवर त्या वर्गातली निम्मी मुलं गळली होती, आणि बातमी डीनबाईंपर्यंत गेली होती. त्यांनी लॉरेटाला बोलावून घेतलं, दार लोटलं, कॉफी दिली. कॉफी म्हटल्यावरच लॉरेटा सावध झाली.

"तुम्ही समन्वयक आहात. त्यांच्या तासाला बसा आणि जे दिसेल ते लिहा," डीनबाई म्हणाल्या. "लवकर निवृत्तीचा पर्याय त्यांच्यासाठी खुला आहे. फक्त त्यांना तो दिसायला हवा. तुम्हाला लिहिता येतं, लॉरेटा."

खाली येऊन तिने हे बर्नीला सांगितलं. बर्नाडेट टुली पंधरा वर्षं तासिकेवर होती. तीन कॉलेजांत शिकवायची, जेवण गाडीत करायची आणि पुस्तकांचा सगळा संसार डिकीत ठेवायची. ती डब्यातले कोबीचे नूडल्स खात होती. खाता खाता थांबली.

"मग अडलंय कुठे? सुंठीवाचून खोकला जातोय, जाऊ दे की!"

"वर्गातली मुलंही जातील त्याच्याबरोबर."

"मुलं कशीही जातातच. अगं, हाच ना तो, खिडकीवरून दात काढणारा? बुडतोय तर बुडू दे. तू फक्त काठावर बस आणि लिही: पाणी खोल होतं."

लॉरेटा हसली. तिने ते तसंच लिहायचं मनाशी ठरवलंही.

बुधवारी ती त्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली. प्रेन्टिस अर्धविरामावर बोलत होता. खरं तर छान बोलत होता, जुन्या छापखान्यांपासून सुरुवात करून. समोर सात-आठजण बसले होते. एकजण झोपला होता, आणि बाकीचे घड्याळाकडे बघण्याचीही तसदी घेत नव्हते. रोनेट पहिल्या रांगेत कोट न काढता बसली होती. मध्येच प्रेन्टिसने विनोद केला. कुणी हसलं नाही. त्याने तोच विनोद पुन्हा, जरा सोपा करून सांगितला, आणि लॉरेटाने मान खाली घातली.

तास संपल्यावर तो टेबलाच्या कडेवर टेकला. हातातला खडू खिशात घालायला गेला, पण खिसा सापडेना.

"मी आजवर ज्यांना शिकवलं ना, त्यांना आधीच येत होतं," तो म्हणाला. "मी नुसता बोलायचो. हे आत्ता कळतंय. यांना नक्की काय हवंय, लॉरेटा? मला खरंच समजत नाही."

तिची लिहायची वही मांडीवर उघडी होती. या क्षणाची तिने किती वर्षं वाट पाहिली होती. पण आला तो असा, एका घामेजलेल्या म्हाताऱ्याच्या रूपात, आणि चव घ्यायला गेली तर तोंड कडूच झालं.

"शुक्रवारी दुपारी मोकळे आहात?" तिने विचारलं.

अहवालात तिने लिहिलं, थोडा वेळ द्यावा. डीनबाईंनी तो वाचला आणि पुढे तिला कॉफी विचारली नाही.

शुक्रवारमागून शुक्रवार ती त्याला शिकवत राहिली. लाल पेन घरी ठेवा. पहिल्या वाचनात हात बांधून बसा. मुलाला स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचू द्या, तो जिथे अडखळेल तिथे विचारा, तुला काय म्हणायचं होतं, आणि तो जे तोंडाने सांगेल ते लिहायला सांगा. "चूक अशी उगाच होत नाही," ती म्हणाली. "त्यांनी स्वतःपुरता काहीतरी नियम केलेला असतो. तो शोधा. मग खोडायचं की नाही ते बघू."

"ही रोनेट," प्रेन्टिस म्हणाला. "दोन पानांत एकही पूर्णविराम नाही. आणि, आणि, आणि. यात कसला आलाय नियम?"

"तिलाच विचारा."

पुढच्या आठवड्यात तो जिना उतरून धापा टाकतच तिच्या खोलीत शिरला. मफलर एका खांद्यावर लोंबत होता.

"मी विचारलं. वाक्य का संपवत नाहीस म्हणून. काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, संपवलं की दुसरं कुणीतरी बोलायला लागतं!" तो खुर्चीत बसला. डोळे भरले होते. "लॉरेटा, अहो, ही माणसं असं बोलतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कानावर होतं," ती म्हणाली.

त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगू लागला.

रोनेट थांबली. झोपणारा मुलगा जागा राहू लागला आणि गळालेल्यांपैकी दोघं-तिघं परत आले. मे महिन्यात प्रेन्टिसने सभागृहात भाषण दिलं: 'तळघरात मला काय सापडलं'. त्याला बोलता येत होतंच. रोनेटचं ते वाक्य त्याने इतकं थांबून, इतक्या हळुवारपणे सांगितलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पर्समधून रुमाल काढले. भाषणाच्या शेवटी त्याने विद्यार्थ्यांचे, बायकोचे, डीनबाईंचे आणि "खालच्या मजल्यावरच्या सर्व सहकाऱ्यांचे" आभार मानले. पोलाद कारखान्यांच्या चलतीच्या दिवसांत पैसा केलेल्या एका माजी विद्यार्थ्याने तिथल्या तिथे चेकबुक काढलं.

उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भिंती पाडल्या आणि 'प्रेन्टिस लेखन केंद्र' उभं राहिलं. नदीच्या बाजूने मोठमोठ्या खिडक्या, सगळ्या सारख्या खुर्च्या, आणि एका वर्गात पंधरापेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत, असा लेखी नियम. लॉरेटा हाच नियम दरवर्षी मागत आली होती. दरवर्षी उत्तर यायचं, विचार करू.

ऑगस्टमध्ये डीनबाईंनी सांगितलं की समन्वयकाचं पद आता केंद्राच्या संचालकपदात विलीन होतंय. "तुमचे वर्ग अर्थातच राहतील. वर्षाच्या करारावर. ऑल्डननी खास आग्रह धरलाय तुमच्यासाठी."

"त्यांची कृपा," लॉरेटा म्हणाली.

तिने राजीनामा लिहिला होता. चांगला उतरला होता, छोटा, एकही फालतू शब्द नसलेला. पण तिचा नवरा स्टॅन आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा आणि त्याचा विमा तिच्या नोकरीवर होता. कागद तिने दुमडून जेवणाच्या टेबलाच्या लुळ्या पायाखाली सारला. टेबल हलायचं थांबलं. स्टॅन म्हणाला, "हे बरं केलंस."

बर्नी काही इतकी शांत बसली नाही.

"वारुळं करायची मुंग्यांनी, आणि नागोबा आयते!" पार्किंगमध्ये ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की दोन मुलं वळून बघायला लागली. "बुडू दे म्हणाले होते ना मी? तू त्याला नुसतं पोहायला नाही शिकवलंस बाई, तू त्याला होडी बांधून दिलीस. आणि आता वल्ही कोण मारणार? तूच!"

"झालं बोलून?"

"नाही झालं. जन्मभर होणार नाही." मग डिकी आपटत ती हळूच म्हणाली, "मला या सत्रात एकच वर्ग मिळालाय. घरभाडंसुद्धा निघायचं नाही त्यात. पुढल्या सत्राचं तेही कुणी सांगत नाही."

ऑक्टोबरात संचालक झालेल्या प्रेन्टिसने सगळ्या शिक्षकांच्या तासांना बसायचं ठरवलं. लॉरेटाची पाळी मंगळवारी आली. प्रेन्टिस मागे बसला. मफलर नव्हता; आता तो कोपरांना चामड्याची ठिगळं असलेला कोट घालायचा. लॉरेटाने नेहमीसारखाच तास घेतला. एका मुलाने आपल्या आजोबांच्या गॅरेजबद्दल वाचलं, मध्येच अडखळला, गप्प झाला. ती थांबली. वर्गही थांबला. मग तिने विचारलं, "इथे तुला काय म्हणायचं होतं?" आणि मुलगा बोलू लागला.

मुलं गेल्यावर प्रेन्टिस पुढे आला. चेहरा उजळला होता.

"सुरेख," तो म्हणाला. "मनापासून सांगतो, लॉरेटा, माझी पद्धत तुमच्याइतकी छान कुणीच उचललेली नाही. बाकीच्यांना ती थांबायची जागाच सापडत नाही."

फळा पुसता पुसता तिचा हात थांबला. तिने वळून त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. नव्हता. लबाडी शोधली, तीही नव्हती. तो लहान मुलासारखा निर्मळ उभा होता. ते शुक्रवार त्याच्या डोक्यातून साफ पुसले गेले होते, आणि पुसणाऱ्याला त्याची खबरही नव्हती. ओठांवर आलेलं वाक्य मोठं होतं. कित्येक वर्षं घोटलेलं, एकही चूक नसलेलं. ते ऐकून तो आधी गोंधळला असता, मग दुखावला असता, आणि शेवटी आपण किती मोकळ्या मनाने माफ केलं, हे चारचौघांत सांगत सुटला असता.

तिने हाताची खडूची भुकटी झटकली.

"तुम्ही सांगितलं होतं तसंच करतेय," ती म्हणाली. "फक्त ते पंधराचं. तुम्हीच म्हणाला होतात ना, पंधरासुद्धा जास्तच होतात? बाराच्या वर नको."

"मी म्हणालो होतो?"

"हो तर. भाषणाच्या आधी. आणि तासिकेवाल्यांना वर्षभराचा तरी करार द्यायला हवा, हेही तुमचंच. शिक्षक दर सत्राला बदलला तर ही पद्धत टिकायची कशी, म्हणालात. बर्नाडेट टुलीचं नावसुद्धा घेतलं होतंत तुम्ही."

प्रेन्टिसने कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू त्या सुटल्या.

"खरंय," तो म्हणाला. "बरोबरच आहे ते. मला अजूनही तसंच वाटतं." त्याने कोटातून डायरी काढली आणि पेनाचं टोपण दाताने उघडलं. "गुरुवारी डीनबाईंना भेटतोच आहे. नेमकं कसं म्हटलं होतं मी?"

लॉरेटाने एक खुर्ची त्याच्यासाठी ओढली आणि एक स्वतःसाठी. मग ती सांगू लागली, सावकाश, त्याला लिहून घेता येईल अशा बेताने.