तेरू ज्या शब्दाला तोंड मिटायची

मुलांनो, एक करून बघा. तोंडात चिंचोका आहे असं समजा. थुंकायचा नाही, गिळायचा नाही, आणि कुणाला दिसूही द्यायचा नाही. वर मास्तर विचारतायत, "बोल, का बोलत नाहीस?" आता त्या चिंचोक्याच्या जागी एक शब्द ठेवा. असा शब्द, की तो तोंडातून निघाला तर घरातल्या सगळ्यांत लाडक्या माणसाचं काहीतरी वाईट होईल. ठेवलात? आता ओठ घट्ट मिटून घ्या, म्हणजे तेरूची गोष्ट तुम्हाला नीट कळेल.

तेरूचं बाप्तिस्म्याचं नाव तेरेजा. ती छावणीत, चर्चच्या मागच्या आळीत राहायची. आई साळूबाई दवाखान्यात आया होती, म्हणून धाकटी लुशी दिवसभर तेरूच्या कडेवर नाहीतर तेरूच्या मागं. लुशी चार वर्षांची. ताई करील ते करायचं, एवढाच तिचा धर्म. ताई शिंकली की हीसुद्धा खोटं खोटं शिंकायची.

आणि त्यांचा दादा. वडलांना त्या दादा म्हणत. दादा लष्करात ट्रक चालवायचा. बांगलादेशच्या लढाईच्या आधी त्याच्या पलटणीला निघायचा हुकूम आला. जाताना तो तेरूला म्हणाला, "नाताळला तुझा पहिला ख्रिस्तप्रसाद. तवा मी येतोच. पांढरा फ्रॉक घालून पुढच्या बाकावर बस, म्हंजी मला दारातनंच दिसशील." पहिला ख्रिस्तप्रसाद म्हणजे चर्चमध्ये फादरांच्या हातून पहिल्यांदाच पवित्र भाकर घ्यायची.

त्यानंतर दादाची काही खबर नव्हती.

लढाई सुरू झाली. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून घराघरांच्या काचांना काळे कागद लागले. बाजारातल्या चहावाल्याच्या रेडिओभोवती माणसं जमायची आणि साळूबाई कामावरून येताना तिथं मागं उभी राहायची. घरी आली की तेरू विचारायची, "काय सांगितलं?"

"काय न्हाय. भाकर खा."

मग एका दुपारी आळीच्या तोंडाशी जीप थांबली. शेजारच्या बन्सीच्या दारात दोन लष्करी माणसं उतरली. बन्सीचे वडील रामकिसन हवालदार दादासारखेच लढाईवर गेलेले होते. घरातून जो आवाज आला, तो तेरूनं त्याआधी कधी ऐकला नव्हता. बायका धावल्या. बन्सीची आजी चतुराबाई उंबऱ्यावर बसून कपाळ बडवीत म्हणत होती, "बन्स्याचा बाप सर्गात गेला गं बाई! सर्गात गेला!"

त्याच संध्याकाळी चर्चच्या आवारात, निंबाखाली, कडूबा मास्तरांनी पोरांना हात जोडायला सांगितले. मास्तर म्हातारे धर्मशिक्षक. आयुष्यभर खेड्यापाड्यांत सायकलवर हिंडून त्यांनी पोरांना प्रार्थना शिकवल्या होत्या. प्रार्थनेची ते साखळी करीत. पहिल्या पोरानं एक तुकडा म्हणायचा, दुसऱ्यानं पुढचा, तिसऱ्यानं त्याच्या पुढचा. शेवटी सगळ्यांनी मिळून, पहिल्यापासून.

"चला, सगळे. हे आमच्या स्वर्गातील बापा..."

तेरूनं तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. ही प्रार्थना ती बोलायला लागल्यापासून म्हणत आली होती. पण आज ते शब्द तिच्या कानांवर नव्यानं आदळले. स्वर्गातला बाप. बन्सीचा बाप स्वर्गात आहे. आणि आपण रोज, हात जोडून, आपल्या तोंडानं काय म्हणतो? आमचा बाप स्वर्गात आहे!

आपण इथं म्हणायचं, आणि तिकडं तसंच झालं तर?

त्या दिवसापासून तेरू साखळीत पहिल्या जागी बसेनाशी झाली. सगळे मिळून म्हणायला लागले की ती "हे आमच्या" म्हणायची, मग ओठ मिटायची आणि थेट "तुझे नाव पवित्र"वर निघायची. तेवढा शब्द नाही म्हटला की दादा आजच्यापुरता वाचला. उद्याचं उद्या.

पण पहिला ख्रिस्तप्रसाद ज्यांना घ्यायचा, त्यांना शनिवारी फादरांपुढं एकेकट्यानं उभं राहून प्रार्थना म्हणायची होती. ज्याला येणार नाही तो पुढच्या वर्षी. आता बघा कशी कोंडी झाली ती! म्हणावं तर दादा स्वर्गात, न म्हणावं तर पांढरा फ्रॉक नाही, पुढचा बाक नाही, आणि दादा आला तर दारातून कुणाला बघणार?

गुरुवारी रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगितलं. बाजारात पेढे वाटले. साळूबाईनं हातावरचा पेढा पदरात बांधला, खाल्ला नाही. आळीतून लढाईवर गेलेल्या दुसऱ्या दोघांची खुशाली कळली. दादाची नाही.

शुक्रवारी मास्तर म्हणाले, "तेरेजा, आज तू पयली."

तेरू उठली. "हे आमच्या..." आणि गप्प.

"मास्तर, तेरीला पयलीच वळ येईना!" साखळीतला दान्या ओरडला. "नाताळला आपुन सारे पुढं, आन तेरी मागं लुशीसंगं शेंबूड पुशीत!"

पोरं फिदीफिदी हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांचं लक्ष तेरूकडं नव्हतंच. तेरूचा फ्रॉक धरून बसलेल्या लुशीनं दोन्ही तळहात आपल्या तोंडावर गच्च दाबून धरले होते.

त्यांनी बाकीच्या पोरांना घरी पाठवलं आणि लुशीपुढं उकिडवे बसले.

"का गं म्हातारे? तोंड का दाबलंस?"

लुशीनं हात जरासे काढले. "म्हन्लं तर दादा मरंल," ती म्हणाली आणि हात परत जागेवर नेले. रात्री गोधडीत ताईनं तेवढं तिच्याच कानात सांगितलं होतं.

तेरूला रडू फुटलं. मग बन्सीची आजी, जीप, स्वर्ग, सगळं हुंदक्यांतून बाहेर आलं. रडणं ओसरल्यावर मास्तरांनी विचारलं, "तुझ्या दादाला ही प्रार्थना कुणी शिकवली, ठावं हाय?"

तेरूनं मान हलवली. नाही.

"म्याच. देवगाव रंगारीला, बाभळीखाली. तुझ्यायेवढाच व्हता. आन त्याचा बाप, म्हंजी तुझा आजा, समोरच धोंड्यावर बिडी वढत बसायचा. पोरगं रोज म्हणायचं, हे आमच्या स्वर्गातील बापा. आज्याला काय झालं?"

"काय झालं?"

"काय व्हायचंय? खोकला झाला, बिडीचा! पार म्हातारा होस्तवर जगला, आन मला शिव्या देत जगला, का तर पोराला शेळ्यांमागनं उठवून न्यायचो म्हणून."

तेरूनं डोळे पुसले. ही गोष्ट खरी होती. आजा तिला आठवत होता, शिव्यांसकट. पण तिचं समाधान झालं नव्हतं.

"बन्सीचा बाप बी सर्गातच गेला ना?"

"गेला. पर प्रार्थनेतला जो हाय, त्यो कुठून गेलेला न्हाय. त्यो पयल्यापासूनचा तिथलाच. त्येचं गावच ते." मास्तर पुढं म्हणाले, "आन माझ्या बापा म्हणतो का आपुन? आमच्या म्हणतो. तुझा, माझा, त्या दान्याचा बी. तुझा दादा ट्रकात बसून त्यालाच हाक मारीत आसंल."

तेरूनं मातीत बोट फिरवत विचारलं,

"मंग दादा येईल?"

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं!

"ते मला ठावं न्हाय, पोरी. ठावं आसतं तर सांगितलं आसतं. पर तुझ्या शब्दानं त्याला काय बी व्हणार न्हाय, हे मातूर मला पक्कं ठावं हाय."

शनिवारी पोरं चर्चमध्ये रांगेत उभी होती. दान्या धडाधड म्हणून मोकळा झाला. फादरांनी नाव पुकारलं, "तेरेजा."

तेरू पुढं गेली. लुशी मागोमाग गेलीच. फादरांची लांब दाढी, भिंतीवरचा मोठा क्रूस, आणि पाठीमागं उघडं दार. तेरूनं वळून दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. फक्त ऊन होतं.

"हं, म्हण," फादर म्हणाले.

"हे आमच्या..."

बिडी ओढणारा आजा तिनं डोळ्यांपुढं आणला. मग बन्सीचं दारही डोळ्यांपुढं आलं. रांगेत कुणीतरी खुसखुसलं. कडूबा मास्तर खांबाशी उभे होते, आणि त्यांनी ओठ हलवूनसुद्धा शब्द सुचवला नाही.

तेवढ्यात तेरूला कोपराशी काहीतरी हललेलं जाणवलं. लुशीनं दोन्ही तळहात तोंडावर दाबले होते. डोळे विस्फारून ती ताईकडं बघत होती, दादाला आपल्या परीनं राखत होती.

तेरू खाली वाकली. तिनं लुशीचे हात तोंडावरून काढले, आपल्या हातात धरले आणि तिच्या कानात सांगितलं, "म्हण गं. त्यो निराळा हाय. साऱ्यांचा."

मग ती ताठ उभी राहिली, आणि लुशीचा हात न सोडता तिनं प्रार्थना पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली.