अकरा किलो चारशे ग्रॅम

मी एक वजनकाटा बोलतोय. वाण्याच्या दुकानात ऐटीत बसणारा तो मी नव्हे. मी परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगा तोलणारा, मुठीत मावणारा. वर धरायला दांडी, खाली हूक, मध्ये इवलीशी काच आणि तिच्यात हिरवे आकडे. कारखान्यात एका बाईने माझ्या हुकाला दहा किलोचं वजन लावलं, मी दहा दाखवले, तिने पाठीवर शिक्का मारला. एवढंच माझं शिक्षण. पण तेवढं मी इमानाने पाळलं. माणसांचं तसं नाही.

मला विकत घेतलं एका इंजिनिअरने. बावीस वर्षं परदेशात राहिलेला, दर दोन वर्षांनी आईला भेटायला जाणारा. जाताना त्याच्या बॅगेत काय असायचं? हॉटेलांतून उचललेल्या शाम्पूच्या बाटल्या, मुलीला आखूड झालेले लोकरीचे कोट आणि मुदत संपत आलेली चॉकलेटं. 'तिकडचं आहे' म्हणून तो ते वाटायचा आणि नातेवाईकही हातात घेऊन धन्य व्हायचे. भर उन्हाळ्यात या कोटांचं करायचं काय, हे एकानेही विचारलं नाही. येताना भरायचा मसाल्यांची पाकिटं, जी त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या दुकानात मिळतात.

तेवीस किलोंच्या वर आकडा गेला की हा गृहस्थ हळूच बॅगेखाली गुडघा घालायचा. आकडा उतरला की बायकोला म्हणायचा, "बघ, बसवलं की नाही?" विमानतळावरच्या काट्याखाली गुडघा घालता येत नाही. मग तिथे भर रांगेत बॅग उघडायची, बनियन-टॉवेल चारचौघांत बाहेर यायचे आणि हा माझ्याकडे बोट दाखवायचा. "काटा खराब आहे."

हे सगळं मी सोसलं. एक गोष्ट मात्र घशाखाली उतरली नाही.

त्याची आई शिवणकाम करायची. नवरा अकाली गेला, तेव्हा हाताने फिरवायचं एक मशीन घेऊन ती घरोघरी जाऊन कपडे शिवायची. त्या मशीनवर हा इंजिनिअर झाला. आता तिला दिसेना, तेव्हा तिने मशीनला तेल दिलं, जुन्या चादरीत बांधलं आणि म्हणाली, "एवढं नातीला ने. माझ्यामागे भंगारवाला उचलून नेईल रे."

"आई, वजन बसायचं नाही."

"तोलून तरी बघ."

त्याने गाठोडं माझ्या हुकाला अडकवलं. मी अकरावर थांबणार, एवढ्यात हुकाला खालून ओढ बसली. चादरीचं लोंबतं टोक त्याने बुटाखाली दाबून धरलं होतं! माझे आकडे चढत गेले. बारा, सोळा, एकवीस.

"बघ आई, एकवीस किलो! कसं नेऊ?"

म्हातारीने काचेजवळ डोळे नेले, बराच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गाठोडं पलंगाखाली सरकवलं. मला लाज वाटली. त्याला वाटली नाही. तो उरलेल्या जागेत पापडांची पाकिटं कोंबत होता.

परत आल्यावर महिन्याभरात तिथल्या मराठी मंडळात त्याचं भाषण झालं. विषय, 'आपली मुळं'. "आमच्या मुलांना कशाची ओढच नाही हो," असं सांगत त्याने रुमालाने डोळे टिपले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारेही त्याच्याच जातकुळीचे, घरोघरी माझ्यासारखा एकेक काटा बाळगणारे.

मागच्या वर्षी त्याची लेक मला बॅगेत टाकून एकटीच आजीकडे गेली. ही काही गुणाची पुतळी नव्हे. पहिले चार दिवस आजीशी कमी आणि फोनशी जास्त बोलली. पाचव्या दिवशी पलंगाखालची चप्पल काढताना तिच्या हाताला गाठोडं लागलं.

"आजी, हे ते मशीन? बाबा म्हणाले खूप हेवी आहे."

"तू तोल."

तिने दोन्ही हातांनी मला उचललं. खाली बूट नव्हता. अकरा किलो चारशे ग्रॅम.

पोरगी गोंधळली. "पण बाबा तर एकवीस म्हणाले होते!"

आजी हसली. "एका कडेवर तुझा बाप आणि दुसऱ्या हातात हे, असं घेऊन गावभर फिरलेय मी. मला वजन सांगतो! दोघांत जड तोच होता."

"मग तू त्यांना बोलली का नाहीस?"

"न्यायचं नाही म्हणणाऱ्याशी काय बोलायचं?"

लेकीने आपले निम्मे कपडे तिथेच ठेवले आणि मशीन आणलं. बापाने काय करावं? दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलं, वर दिवा लावला. मंडळाचे लोक जेवायला आले, तेव्हा छाती फुगवून म्हणाला, "आईचं मशीन. एकवीस किलोंचं धूड, पण म्हटलं काहीही होवो, आपली मुळं सोडायची नाहीत."

लेक उठली. तिने ड्रॉवरमधून मला काढलं, मशीन त्याच जुन्या चादरीत बांधून हुकाला अडकवलं आणि सगळ्यांसमोर उचललं. "बाबा, वाचा."

अकरा किलो चारशे ग्रॅम. बायकोने ताटाकडे पाहिलं. पाहुण्यांपैकी एकजण उगाच खोकला. इंजिनिअरने आधी लेकीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"काटा खराब आहे," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर त्याने मला केराच्या डब्यात टाकलं. लेकीने बाहेर काढून पुसलं. आता ती वेगळ्या घरात राहते आणि मी मशीनशेजारी, दोऱ्यांच्या डब्यात असतो. रविवारी ती फोन समोर ठेवून शिवायला बसते. आजीला दिसत नाही, म्हणून ती नुसता आवाज ऐकते आणि ओरडते, "दोरा अडकतोय! उसव आणि परत घाल." पोरगी चरफडते, उसवते, परत घालते. एक उशीचा अभ्रा तीन महिने चाललाय.

माझी बॅटरी संपत आली आहे. जाण्याआधी एकच मागणं आहे. माझ्या पाठीवर शिक्का मारणारी ती बाई कुणाला भेटली, तर तिला सांगा, की एकदा मी अकराचे एकवीस दाखवले. तिचं काम चोख होतं. खाली मुलाचा पाय होता.