अर्धा हात

लॉन्ड्रीतल्या मतदानात अर्धवेळ बायकांचा हात कोपरापर्यंतच वर जायचा. नियमच होता तसा. युनियनची वर्गणी अर्धी, म्हणून मत अर्धं. आणि मोजणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून पूर्णवेळवाल्यांनी हात सरळ वर करायचा, अर्धवेळवाल्यांनी कोपरात वाकवून. नव्या बाईला हे सांगितलं की ती आधी हसायची. मग हाताला वळण लागायचं, आणि घरी पाहुण्यांना टाटा करतानाही तो अर्धाच उठायचा.

वहिनीच्या हाताला असं अकरा वर्षांचं वळण होतं. तिला सगळी लॉन्ड्री वहिनीच म्हणायची, कारण तिला इथे चिकटवली तिच्या नणंदेने, आणि नणंद हाक मारेल तेच नाव पडलं. नणंद म्हणजे छकुली. वय पंचेचाळीस, केस पिकलेले, ओल्या चादरींची गाडी एका हाताने ढकलेल अशी अंगकाठी. पण घरातलं शेंडेफळ, त्यामुळे नाव काही मोठं झालं नाही. हॉस्पिटलच्या चादरींची घडी एकटीने होत नाही. एवढी वर्षं एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला छकुली.

महिन्यापूर्वी एक पूर्णवेळ जागा निघाली. आधी छकुलीला विचारलं गेलं, ती जुनी म्हणून. ती म्हणाली, "मला दोनला सुटून घर गाठायलाच हवं. बाबांना कोण भरवणार? वहिनीला द्या." बाबा म्हणजे छकुलीचे वडील, वहिनीचे सासरे. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. सकाळचं त्यांचं सगळं वहिनी उरकून यायची, दुपारचं छकुली बघायची. वहिनीला जागा मिळाली त्या दिवशी छकुलीने तिला सगळ्यांसमोर चिडवलं, "लोक अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात बाई, आमच्या वहिनीला अख्खं मिळालं!"

वहिनी खरोखरच पिवळी झाली होती. अख्ख्या जागेबरोबर घरच्यांचं औषधपाणीही मिळायचं, आणि नवरा गुडघा धरूनच कामावर जात होता. त्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली ठरली.

आणि नेमका तेव्हाच 'जरा'चा ठराव आला.

हा 'जरा' सुपरवायझरचा. अर्धवेळवाल्या दोनला सुटायच्या, पण दोन वाजायला आले की तो दारात उभा राहून म्हणायचा, "जरा थांबता का?" त्याचा जरा चारला संपायचा. नाही म्हणावं तर पुढच्या आठवड्यात कामाचे दिवस कमी. ओव्हरटाइम मागावा तर नियम असा, की ओव्हरटाइम आठ तासांनंतर. चार तासांच्या बाईने सहा तास राबलं तरी कागदावर ती आरामातच! युनियनचं म्हणणं साधं होतं: जिचे जेवढे तास ठरलेत, त्यापुढे थांबवलं तर दीडपट.

छकुलीला दीडपटीचं एवढं कौतुक नव्हतं. "पैसे पडायला लागले ना, की ह्याचा जरा आपोआप आटेल," ती म्हणायची. ज्या दिवशी जरा लांबायचा, त्या दिवशी बाबा चार वाजून गेले तरी उपाशी आणि ओल्यात पडून असायचे. छकुली धापा टाकत पोचली की ते नुसतं भिंतीकडे तोंड करायचे.

मतदानाच्या दिवशी सकाळी सुपरवायझरने वहिनीला साबणाच्या पिंपांमागे गाठलं. "ठराव झाला तर वरचे एक अख्खी जागा कापणार, असं ऐकतोय. शेवटी भरलेली जागा आधी जाते. मी काही बोललो नाही हं, वहिनी."

हे खरं की थाप, ते युनियनच्या कुणालाही विचारता आलं असतं. बॉयलरवाला युनियनचा चिटणीस, तो तर समोरच वाफेचे नळ पुसत होता. वहिनीने विचारलं नाही. वाईट करायचं एकदा मनात आलं की माणसाला चौकशी नकोशी होते.

जेवणाच्या सुटीत सगळे कपडे बदलायच्या खोलीत जमले. बॉयलरवाला बाकावर चढला. "ठरावाच्या बाजूने?" अठरा कोपरं वर आली, आणि बारा हात सरळ. त्या बाराजणांना ठरावातून दमडीचा फायदा नव्हता, तरी वर गेले. छकुली पहिल्या ओळीत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. वहिनीचा हात वर असणार यात पाहण्यासारखं काय होतं?

"विरोधात?"

बाकीच्या पूर्णवेळवाल्यांचे वीस हात सरळ वर गेले. वहिनीने मान खाली घातली आणि हात वर केला.

बॉयलरवाल्याने दोनदा मोजलं. "बाजूने एकवीस. विरोधात साडेवीस. ठराव पास!"

कोपरवाल्यांनी एकच गिल्ला केला. कुणी बाक बडवला, कुणी छकुलीला मिठी मारली. वहिनीने आपल्या हाताकडे पाहिलं. तो कोपरात वाकलेला होता. सवयीने. गप्प बसली असती तर सगळं आपसूक झालं असतं: ठराव पास, तिचं पाप कुणाला ठाऊक नाही, आणि छकुली दोनला घरी. तिला ते कळत होतं. पण डोळ्यांसमोर नवऱ्याचा सुजलेला गुडघा आला आणि तोंडातून निघून गेलं,

"माझा अख्खा धरा."

बाक बडवणं थांबलं. बॉयलरवाला गोंधळला. "वहिनी, तुमचा? पण तुम्ही तर... तो विरोधात होता."

"हो. विरोधातच. मी आता पूर्णवेळ आहे."

"हे खरं आहे का?" त्याने खोलीला विचारलं. त्याच्या आवाजात विनवणी होती. कुणी नाही म्हणालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

छकुली उठली. तिने पहिल्यांदा मागे वळून वहिनीकडे पाहिलं, मग बॉयलरवाल्याकडे. "खरं आहे तिचं," ती म्हणाली. "महिना झाला अख्खी होऊन."

एकवीस विरुद्ध एकवीस. बरोबरी झाली की जुना नियम चालू. बॉयलरवाला बाकावरून उतरला आणि सरळ बॉयलरकडे गेला. वहिनीला वाटलं, कुणीतरी शिवी द्यावी. कुणी दिली नाही. सगळ्यांनी आपापले डबे उचलले, आणि तिच्याजवळून जाताना अंग चोरलं.

संध्याकाळी बाबांनी दोघींना अंथरुणाशी बोलावलं. ते कधीकाळी त्याच लॉन्ड्रीत होते, युनियनचे चिटणीस. अर्धवेळ बायकांना युनियनमध्ये अजिबात घेत नव्हते तेव्हा भांडून हा वाकडा हात त्यांनीच आणला होता. "म्हटलं, आधी अर्धा तर घुसू दे. अख्खा मागून येईल," हे ते अजूनही अभिमानाने सांगायचे.

"काय झालं गं पोरींनो?"

"पडला," छकुली म्हणाली. "बरोबरीत."

"बरोबरीत? म्हणजे आपल्यातल्या एकानेच घात केला!" बाबांनी उशीवरून मान उचलली. "कोण तो?"

वहिनीने औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं. आता सांगेल, तिला वाटलं, सांगू दे एकदाचं.

"असेल कुणीतरी गरजू," छकुली म्हणाली. "कूस बदला बाबा, चादर सारखी करते."

बाबांनी कूस बदलली आणि वहिनीकडे पाहिलं. "तुझा तर आता अख्खा. आपल्या घरातल्या बाईचा पहिला अख्खा हात. नीट उंच केलास ना?"

"केला, बाबा," वहिनी म्हणाली. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, पण ती काही घेत नाही. आपण तिथेच उभे राहतो आणि सासऱ्यांच्या औषधाच्या बाटलीचं झाकण लावत राहतो.

दुसऱ्या दिवशी दोन वाजायला आले तसा सुपरवायझर दारात आला. तो आज हसत होता.

"छकुलीताई, जरा थांबता का?"

छकुलीने घड्याळाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "थांबते."

वहिनी पुढे झाली. "तिला सोडा. तिचं काम मी करते."

"तुम्ही तुमचं करा. तुम्ही तर आहातच की पाचपर्यंत."

"मग मला तासभर घरी जाऊ द्या. सासरे उपाशी आहेत."

"वहिनी, तुम्ही पूर्णवेळ आहात," तो गोडीने म्हणाला. "पूर्णवेळवाल्यांना मधेच कसं सोडणार?"

तो गेला. गाडीत चादरींचा ढीग होता. छकुलीने वरची चादर उचलली, एक टोक वहिनीकडे टाकलं, आणि दोघी मागे सरल्या. चादर मधे ताणली गेली. वहिनीला तिच्यावरून पलीकडे बघवेना. अडीच वाजले. आता बाबा दाराकडे कान लावून असतील. पावणेतीन. आता भिंतीकडे वळले असतील. रडू येत होतं, पण रडायचा हक्क पलीकडच्या टोकाचा होता आणि तिकडे कुणी रडत नव्हतं. वहिनीचे हात हळूहळू खाली आले.

"वहिनी," छकुली म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, कामापुरता. "हात वर घे. चादर जमिनीला लागतेय."