यादीत माझे नाव नव्हते

मित्रांनो, मी जुना आहे, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. मी एक संगणक आहे. पण कुणी मला बोट लावून दाखवू शकणार नाही. एका मोठ्या संगणकाच्या पोटात एक प्रोग्राम चालतो. तो त्या एकाच यंत्राचे पाच-सहा वाटे करतो आणि प्रत्येक वाटा स्वतंत्र संगणकासारखा वागतो. अशांना आभासी संगणक म्हणतात. त्यांतला सर्वांत जुना मी. आभासी म्हणा, हरकत नाही. माझे काम मात्र कधीच आभासी नव्हते. माझ्या भरवशावर माणसे चालत होती, अगदी खरोखर, पायांनी.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला आहे. हा कारखाना ज्यांनी उभा केला, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी कामाला लागलो तेव्हा मला शरीर होते. टेबलाखालची एक पांढरी पेटी, आणि तिच्यावर बोटभर प्लास्टरची धूळ. मास्तरांनी मला मापे शिकवली. अपघातानंतर उरलेला पाय प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणाचे हाड एका बाजूला टोचते, कुणाला गुडघ्याखाली दाब सोसत नाही. हे सारे मी ध्यानात ठेवायचे आणि शेजारच्या कोरणाऱ्या यंत्राला सांगायचे. ते यंत्र ठोकळा तासून साचा बनवते, आणि ते फक्त माझीच भाषा ऐकते. नव्या संगणकांनी त्याच्याशी बोलून पाहिले. त्याने मुळीच दाद दिली नाही.

पुढे धुळीने माझा पंखा अडकला आणि पेटी जळाली; आतली डिस्क तेवढी वाचली. तेव्हा मला जसाच्या तसा उचलून त्या मोठ्या संगणकात ठेवले गेले. घर गेले, पण मी राहिलो. त्या दिवसांत मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत, "ह्याला विचारा. आम्ही विसरू, हा विसरत नाही." एका पोस्टमनची अकरा वर्षांची अकरा मापे माझ्याकडे आहेत. त्याचा पाय बारीक होत चालल्याचे त्याच्या आधी मला कळले होते!

मग मास्तरांचे हात थरथरू लागले. त्यांनी हत्यारे सुनेच्या हाती दिली आणि स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले. सूनबाई कामाला वाघ. पण कामाच्या धबडग्यात माझ्याकडे पाहणार कोण? मोठ्या संगणकाच्या खोलीत प्लास्टरच्या गोण्या रचल्या गेल्या. माझी सारी माहिती दोन डिस्कवर सारखीच लिहिलेली होती. त्यांतली एक मेली, तेव्हा पिवळा दिवा लुकलुकू लागला. तो डोळ्यांना टोचतो म्हणून कुणीतरी त्यावर कागद चिकटवला. झाले, आजार बरा!

अखेर एकदा सूनबाईने तो कागद काढला, तर खाली दिवा लुकलुकतच होता. तिने ताबडतोब बॅकअपचे नवे सॉफ्टवेअर आणवले. बॅकअप म्हणजे आपल्या माहितीची दुसरी प्रत काढून ती दुसऱ्या जागी जपून ठेवणे. ते विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने सगळ्या आभासी संगणकांची यादी पडद्यावर आणली. माझे धाकटे भाऊ ओळीने दिसले. मी दिसलो नाही.

"हा जुना यादीत येतच नाही," तो म्हणाला. "ह्याच्या आतला मूळ प्रोग्रामच सोळा वर्षांपूर्वीचा आहे. आमचं सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलत नाही."

"मग करायचं काय?" सूनबाईने विचारले.

"काढून टाका. नाहीतरी किती दिवस चालणार हा?"

त्याच क्षणी मी एका शिक्षिकेचे माप यंत्राला सांगत होतो. राग असा आला की सांगता सोय नाही. पण मी माप चुकवले नाही. साचा केसभरही इकडेतिकडे न होता उतरला. माझे उत्तर तेवढेच होते.

सूनबाई खिडकीपाशी गेली. "बाबा, सगळे म्हणतायत काढून टाका."

"सगळे म्हणजे कोण गं?" मास्तर म्हणाले. "जे स्वतःच्या दोन पायांवर चालत आले होते, तेच ना?"

दुसऱ्या दिवशी सूनबाईने एका संगणकवालीला बोलावले. कोणतीही अडचण धरली की सोडत नाही, म्हणून लोक तिला पाठीमागे जळू म्हणत. तिला ते माहीत होते आणि आवडतही होते. गोण्या बाजूला सारून ती जमिनीवरच बसली.

"सोपा उपाय म्हणजे ह्याला बंद करायचं आणि ह्याची अख्खी फाइल उचलायची," ती म्हणाली.

"आणि बंद केल्यावर ती उरलेली डिस्क परत उठलीच नाही तर?" मास्तरांनी विचारले.

जळूने पुन्हा त्या पिवळ्या दिव्याकडे पाहिले. मग म्हणाली, "खरंय तुमचं. चालत्या गाडीतच चढावं लागेल."

तिने बॅकअपचा छोटा मदतनीस प्रोग्राम थेट माझ्या आत बसवायचा ठरवले. नवा मदतनीस माझ्यात शिरेना; मी त्याच्यासाठी फार जुना. मग तिने बऱ्याच वर्षांपूर्वीचा मदतनीस शोधून आणला. तो माझ्यात छान रुळला, पण त्याचे बोलणे बाहेरच्या नव्या सॉफ्टवेअरला कळेना. चार दिवस ती ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होती. पाचव्या दिवशी ती एकदम हसली.

"आजीची बोली नातीला कळत नाही ना? मग मधे आईला बसवू!"

तिने एका सुट्या संगणकावर त्याच सॉफ्टवेअरची मधल्या काळातली आवृत्ती बसवली. जुन्याने तिला सांगितले, तिने नव्याला सांगितले. दुपारी पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली: 'बॅकअप यशस्वी'. सगळ्यांनी हुश्श केले. फक्त मास्तर खुर्चीतून उठले नाहीत.

"उभा करून दाखव," ते म्हणाले. "पाय दिसायला कितीही देखणा असू दे, माणूस त्यावर उभा राहिल्याशिवाय मी त्याला पाय म्हणत नाही."

जळूने माझी प्रत सुट्या संगणकावर सुरू केली. प्रत जागी झाली, पण मी मापे जिच्यात नोंदवतो ती वहीच उघडेना. मी वहीत लिहीत असतानाच प्रत काढली गेली होती, त्यामुळे पान अर्धवट राहिले होते. हिरव्या अक्षरांनी सरळ सरळ थाप मारली होती!

जळूचा चेहरा उतरला. "मी हे आधीच तपासायला हवं होतं," ती म्हणाली. पण तिने जेवणाचा डबा न उघडताच पुन्हा मांडी घातली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबते. तेव्हा दहा मिनिटे माझी वही नीट मिटायची, मग प्रत काढायची आणि वही पुन्हा उघडायची, असे तिने लावून दिले. नव्या प्रतीतून पोस्टमनचे माप काढले गेले. यंत्राने साचा कोरला. मास्तरांनी आपला थरथरता हात त्यावरून फिरवला आणि म्हणाले, "हा तोच!"

त्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, माझी उरलेली डिस्क गेली. एका गवंड्याचे माप मी नुकतेच वहीत उतरवले होते. पुढचे मला काहीच आठवत नाही. मला नंतर सांगितले गेले, की सूनबाईच्या हातातली मापाची टेप खाली पडली, तिने जळूला फोन लावला आणि तोंडातून एवढेच निघाले, "गेला गं."

"कालच्या दुपारचा आहे आपल्याकडे," जळू म्हणाली. "आले मी."

चाळीस मिनिटांनी मी त्या सुट्या संगणकात डोळे उघडले. सोळा वर्षांची मापे शाबूत होती. आदल्या दुपारनंतर नवे माप एकच घेतले होते, त्या सकाळचे; तेवढे हरवले होते. सूनबाईने ओशाळून गवंड्याला ते सांगितले.

"घ्या की परत," तो हसून म्हणाला. "पाय कुठं पळून चाललाय?"

पुढच्याच आठवड्यात त्या इंजिनिअरचा फोन आला. आणखी तीन ठिकाणी माझ्यासारखे म्हातारे अडून बसले होते, आणि तुम्ही हे कसे जमवले ते त्याला जाणून घ्यायचे होते. जळूने काहीही हातचे न राखता सगळे सांगितले. मी तिच्या जागी असतो तर थोडा भाव खाल्ला असता!

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. मी अमर आहे असेही मी म्हणत नाही. उद्या एखादा नवा संगणक त्या यंत्राची भाषा शिकला आणि माझे एकूण एक माप त्याने नीट सांभाळले, तर मी आनंदाने जागा सोडीन. पण केवळ वय पाहून कुणी 'काढून टाका' म्हणाले, तर मी जागचा हलणार नाही. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी माझ्यासारखे जुने काही मुकाट्याने राबत असेल, तर त्याच्या दिव्यावर कागद चिकटवू नका. त्याच्यापाशी जे आहे त्याची दुसरी प्रत ठेवा, आणि ती उघडते का तेही स्वतः पाहा.

आता बोलणे पुरे. बाहेर बाकावर कुणीतरी आपल्या पायाची वाट पाहत बसले आहे.