जागा धरायचे चार दिवस

हॅगर्ट तलावाच्या प्रांतीय उद्यानात तंबूसाठी अडतीस नंबरची जागा हवी असेल, तर शहाण्या माणसाने शुक्रवारवर विसंबू नये. ऑगस्टचा पहिला सोमवार सुट्टीचा, त्यामुळे आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सगळा मुलूख तंबू आणि गाड्या घेऊन तलावाकडे लोटतो. शुक्रवारपासूनची नोंदणी हिवाळ्यात ज्या सकाळी सात वाजता उघडते, तिच्या चार दिवस आधी सोमवारपासूनची उघडलेली असते. म्हणून हाल्चुक मंडळी सोमवारपासूनच जागा घेऊन टाकत. मग प्रश्न एवढाच उरे, की आधीचे चार दिवस तिथे राहायचं कुणी. नुसता तंबू ठोकून घरी परतायची सोय नव्हती. उद्यानाची माणसं छोट्या गाडीतून रोज चक्कर मारत आणि तंबूत कुणी राहत नाही असं दिसलं तर जागा दुसऱ्याच्या नावावर करून मोकळी होत. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशातला प्रकार. फक्त इथे रुमालाऐवजी अख्खं माणूस लागे.

गेली अकरा वर्षं ते माणूस म्हणजे डोरीन.

डोरीन हाल्चुक एकसष्ट वर्षांची, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. चौऱ्याऐंशी म्हाताऱ्यांची न्याहारी, चौऱ्याऐंशी जेवणं, त्यातली निम्मी दळून पातळ केलेली. घरी आलं की नवरा, मुलगा, सून, आणि नणंद पॅट्सी, जी दार न वाजवता आत यायची आणि बोलायला लागायची ती जाईपर्यंत बोलायची. माणसं वाईट नव्हती. पण डोरीन दमली होती, आणि हे दमणं एका रात्रीच्या झोपेने जाणारं नव्हतं. सकाळी उठून चपला शोधायच्या म्हटलं तरी तिला आधी पलंगाच्या काठावर थोडा वेळ बसून राहावं लागे.

आणि ते चार दिवस? ती दरवर्षी परत येऊन डोक्याला हात लावायची. डास किती, पाठ किती दुखली, पाऊस कसा तंबूत आला, रात्री अस्वलाच्या भीतीने डोळ्याला डोळा कसा लागला नाही. सगळे हळहळायचे. यातलं अक्षरही खरं नव्हतं. वर्षातले तेवढेच चार दिवस ती माणसासारखी जगायची. केस विंचरायची नाही. डब्यातले मासे पावाबरोबर उभ्यानेच खायची. पाण्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून पाय बुडवायची आणि काही म्हणजे काही करायची नाही. तक्रारीचा पाढा होता तो एवढ्यासाठीच, की कुणाला यावंसं वाटू नये.

या वर्षी पाढा अंगाशी आला. ओरेस्ट, तिचा नवरा, एप्रिलमध्ये निवृत्त झाला. चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावर काढलेला माणूस. हाताला काम नाही म्हणून घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजून झालं होतं. रविवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "यंदा तुला एकटीला जायला नको. मी येतोय."

"आणि उत्तरेकडची तुझी मासेमारी?"

"येत नाही म्हणून कळवलं मित्रांना. अगं, मासे काय, पुढच्या वर्षीही असतील."

डोरीनने पुढ्यातल्या पेरोहीचे, त्या उकडलेल्या करंजीचे, काट्याने उगाच दोन तुकडे करून ठेवले. बटाट्याचं सारण बाहेर आलं. तिला रडू येईलसं वाटलं, आणि त्याला वाटलं ती गहिवरली.

सोमवारी ती व्हॅन घेऊन पुढे, तो ट्रकला बोट जोडून मागे. दुपारपर्यंत अडतीस नंबरवर तंबू उभा राहिला, तंबूवर ताडपत्री, ताडपत्रीवर आणखी एक ताडपत्री. ओरेस्टने शेगडीची जागा बदलली, टेबल फिरवलं, कपडे वाळत घालायला दोरी बांधली आणि ती सैल वाटली म्हणून पुन्हा बांधली. मग खुर्चीत बसून त्याने विचारलं, "आता काय करू या?"

"बसू या."

तो बसला. चार मिनिटं. "लाकडं आणायची का?"

मंगळवारी सकाळी त्याला अंडी आणि कुबासा सॉसेज हवं होतं, कारण मोकळ्या हवेत भूक लागते. दुपारी त्याला कोबीची पानं भरून हवी होती, कारण आता वेळच वेळ आहे. मध्येच तो शेजारच्या चाळीस नंबरवर गेला आणि तिथल्या जोडप्याला कॉफीला घेऊन आला. ते दोघे दीड तास आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल बोलले. डोरीनने कॉफी दोनदा केली, कप विसळले, तांब्याभर पाणी विस्तवावर ओतलं. तलाव तिथेच होता, वीस पावलांवर. दोन दिवसांत तिने त्याच्यात पाय घातला नव्हता.

रात्री तो आनंदात घोरत होता. ती वर ताडपत्रीकडे बघत पडली होती. आता बुधवार, मग गुरुवार, मग शुक्रवारी घरची नऊ माणसं आणि त्यांचे ओले टॉवेल. मग पुन्हा एक वर्ष. एवढं लांबचं वर्ष ती कशी काढणार, याचा तिला खरोखरच अंदाज येईना.

बुधवारी सकाळी ती टेबलाशी कांदा चिरत होती. ओरेस्ट समोर बसून गळाला दोरा लावत होता.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "आता मी रिकामाच आहे. दरवर्षी आपण दोघं येऊ. तुला परत कधी इथे एकटीला बसावं लागणार नाही. अकरा वर्षं तू इथे कुढत बसायचीस आणि मी तिकडे कोठारावर. मनाला खात होतं मला ते. कधी बोललो नाही, पण खात होतं."

डोरीनचा हात थांबला. हा माणूस चांगला होता, हीच पंचाईत होती. गप्प राहिलं तर आयुष्यभर गप्प राहावं लागणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"ओरेस्ट, मला एकटीला बसायला आवडतं."

"हो, हो," तो हसला. "डासांबरोबर."

"खोटं होतं ते. डास, पाठ, अस्वल, सगळं. मी इथे येते ते कुणी नसतं म्हणून. दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. मी झोपते. बास, एवढंच करते."

त्याने गळ टेबलावर ठेवला. "कुणी नसतं म्हणजे? पॅट्सी नसते म्हणून?"

"सगळेच."

"मी पण?"

तिला नाही म्हणता आलं असतं. "तुला धरून," ती म्हणाली.

चाळीस नंबरवाला हात हलवत पाण्याच्या बादल्या घेऊन गेला. ओरेस्टनेही सवयीने हात हलवला.

"मग अकरा वर्षं ती रड कशाला?"

"नाहीतर पॅट्सी आली असती सोबतीला. नाहीतर तू."

"मी आलोच की," तो म्हणाला, आणि उठून लाकडं फोडायला गेला. ढीगभर लाकडं आधीच फोडलेली होती.

जेवताना त्याने मीठ मागितलं, एवढंच. चारच्या सुमाराला तिने मान वर केली तर तो ट्रकमध्ये आपली पिशवी टाकत होता. "बोट राहू दे इथेच," तो म्हणाला. "व्हॅन आहेच तुझ्याकडे. खाण्याचं रात्री गाडीत कुलपात ठेव." तो रागात होता की नाही, ते तिला ओळखता आलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदाच त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. ट्रक वळणावर दिसेनासा झाला.

आता एकांत होता, आणि तिला तो सोसवेना. संध्याकाळभर ती खुर्चीत बसली, पण पाण्यात पाय घालावेत असं मनात आलं नाही. त्याने मासेमारी सोडली, तीन तास बोट ओढत आणली, आणि आपण त्याला घालवून दिलं. एखाद्या म्हाताऱ्याने तिच्या हातचं जेवण परत पाठवलं की तिला जसं वाटायचं, तसं वाटत होतं. पण मग थकव्याने आपलं काम केलं. ती बूट न काढता आडवी झाली आणि उठली ती गुरुवारी सकाळी अकराला. उठून तिने पाव खाल्ला, उभ्यानेच. खुर्ची कडेला नेली. पाणी गार होतं. संध्याकाळपर्यंत ती कुणाशीही एक शब्द बोलली नाही, आणि किती बरं वाटलं याची तिला लाज वाटली, तरी बरं वाटायचं थांबलं नाही.

शुक्रवारी पाचला गाड्या आल्या. घरी काय बोलणं झालं असेल, याचाच ती दुपारपासून विचार करत होती. पुढच्या गाडीतून पॅट्सी उतरली आणि हात पसरून आली.

"बिचारी गं माझी डोरीन. या माणसाची कंबर काय धरली आणि हा तुला टाकून घरी पळाला. लाज नाही वाटली याला?"

मागून ओरेस्ट उतरला. एक हात कमरेवर, तोंड वाकडं, एकेक पाऊल मोजून टाकत होता.

"ते काही नाही," पॅट्सी म्हणाली. "पुढच्या वर्षी मी सोमवारपासून रजा टाकते. तुझ्याबरोबर मी राहणार."

चारही दिवस, सकाळपासून झोपेपर्यंत पॅट्सी. ते डोरीनच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं.

"तू?" ओरेस्ट म्हणाला. "दोन दिवसांत पळशील. आता खरं सांगू का? कंबर बिंबर तेवढी काही नाही, हिच्या किरकिरीला कंटाळलो मी. हे इथे का ठेवलं, तिथे का बसलास, बोलू नकोस, हलू नकोस. तुझ्यासारखी बडबडी बाई तर हिने तलावात बुडवली असती. कुणी येऊ नका तिच्याबरोबर. तिची तीच बरी."

सगळे हसले. सून म्हणाली, "सासूबाई, इतक्या खडूस आहात तुम्ही?" पॅट्सी जरा दुखावली आणि रजेचं बोलणं तिथेच राहिलं. नऊ जणांत डोरीनचं नाव पुरतं खराब झालं.

ओले टॉवेल दोरीवर पडले, कोबीचं पातेलं विस्तवावर चढलं. लाकडं द्यायच्या निमित्ताने ओरेस्ट तिच्याजवळ आला. लंगडायचं विसरला होता.

"झाली का झोप?" त्याने हळूच विचारलं.

"दीडच दिवस मिळाला," ती म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं आता.

त्याने वाकून दोन लाकडं आत सरकवली.

"मग पुढच्या हिवाळ्यात नोंदणी करशील, तेव्हा रविवारपासून घे."