किल्लीशिवाय चालणारी जीप

दर गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला कुसगावात दत्तोबांच्या अंगणाबाहेरच्या उतारावर पाय ठेवायला जागा उरत नसे. लोणावळ्याहून रिक्षा भरभरून बायका येत, वडगावहून एसटीनं म्हातारी माणसं येत, आणि गेल्या महिन्यापासून तर वाटेवर कुल्फीवालाही उभा राहू लागला होता. सगळ्यांची नजर एका छोट्या हिरव्या जीपवर असे. जीपच्या काचेवर हळदीकुंकू, बॉनेटवर झेंडूची माळ, आणि बॉनेट उघडलं की बॅटरीच्या जागी शेंडीवाला नारळ.

"बघा, नीट बघा!" तेजोनाथबाबा दोन्ही हात वर करून ओरडत. "किल्ली कुठं आहे? माउलीच्या हातात! बॅटरी कुठं आहे? नाही! नारळ आहे! मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनियर आणा, परदेशातले शास्त्रज्ञ आणा, नारळावर गाडी चालवून दाखवा म्हणावं! त्यांनी हात टेकले, पण आमच्या सत्यमनं हात टेकले नाहीत!"

दत्तोबांची बायको, सत्यमची आई नंदाबाई किल्ली डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवत. बाबांचा चेला समर्थ, 'रथ सरळ राहावा' म्हणून, स्टेअरिंगवर बसे. भक्त मागून लोटत. जीप उतारावर दहा-पंधरा फूट घरंगळे, एकदम आचका देई आणि काळा धूर सोडत ढर्रर्र करून चालू होई.

"सत्यमदादा आला! आला!"

समर्थ गाडी थांबवून खाली उतरे, आरतीचं ताट घेऊन जीपसमोर उभा राही. मग बाबा रिकाम्या सीटकडे बघून प्रश्न विचारत. उत्तर 'होय' असेल तर इंजिन गुरगुरून मोठ्यानं आवाज करी. 'नाही' असेल तर नुसतंच धडधडत राही. शेवटी बाबा आत वाकून तीर्थ शिंपडत, "शांत हो लेकरा" म्हणत, आणि इंजिन बंद पडे. बायका डोळ्यांना पदर लावत.

सत्यमची बायको अपेक्षा ओट्यावर बसून हे सगळं बघे. तिला काही वाटत नसे. चार महिन्यांपूर्वी चौतिसाव्या वर्षी सत्यम चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या गेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. त्या दिवसापासून तिच्या आतलं सगळं सुन्न पडलं होतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानात ती कामाला जाई, पुडे बरोबर मोजून देई, परत येई. घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेई. रडू येत नसे.

खरं म्हणजे त्या जीपबद्दल गावात सगळ्यात जास्त तिलाच माहीत होतं. सत्यम पर्यटकांना डोंगरावर फिरवायचा. जीप मुळात पेट्रोलची. चढावर तिला धाप लागायची आणि पेट्रोलही फार प्यायची. म्हणून त्यानं भंगारात निघालेल्या एका पिकअपचं जुनं डिझेल इंजिन आणलं आणि आंब्याच्या फांदीला साखळी बांधून, दोन महिने खपून, ते जीपमध्ये बसवलं. साखळी ओढायला अपेक्षा, पाने-पक्कड द्यायला अपेक्षा. नवं इंजिन जड, पुढचा भाग खाली बसला, म्हणून पुढच्या दोन्ही स्प्रिंगांना एकेक पोलादी पाटा वाढवावा लागला. पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा सत्यमनं ऐटीत किल्ली फिरवून बंद करायला घेतलं. इंजिन बंदच होईना! किल्ली काढून खिशात घातली तरी चालूच. तो पोट धरून हसला होता.

"डिझेल किल्लीचं ऐकत नाय, राणी," तो म्हणाला होता. "याला हातानं गळा दाबून थांबवायला लागतं."

मग त्यानं सायकलच्या ब्रेकची वायर डिझेलच्या पंपाला जोडून स्टेअरिंगखाली एक गुंडी बसवली. गुंडी ओढली की डिझेल बंद, इंजिन बंद.

तो गेल्यावर जीपची बॅटरी काढून ठेवली होती. जीप उतारावर, गिअरमध्ये, चाकाखाली दगड लावून उभी होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वासराच्या दाव्यात अडकून तो दगड निघाला. जीप घरंगळली, इंजिन चालू झालं, आणि पेंढ्याच्या गंजीला धडकून बंद पडलं. किल्ली घरात खिळ्याला होती. नंदाबाई धावत गेल्या आणि बॉनेटला मिठी मारून ओरडल्या, "आला गं माजा सत्यम!"

पंधरा दिवस त्यांनी धड अन्न घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी दीड भाकरी खाल्ली. अपेक्षा खरं सांगायला तोंड उघडणार होती. भाकरी बघून तिनं ते मिटलं.

आठवड्याभरात बाबा हजर झाले. सोबत समर्थ, पूर्वीचा ट्रकचा क्लीनर.

पहिले काही गुरुवार प्रश्न साधेच असत. लेकरा, तू सुखात आहेस का? आईची आठवण येते का? इंजिन गुरगुरे. मग बाबांनी 'हा रथ मठात नेला पाहिजे' असं बोलायला सुरुवात केली आणि दत्तोबा आढेवेढे घेऊ लागले. त्याच्या पुढच्या गुरुवारी, त्यांना धाक बसावा म्हणून, बाबांनी डोळे मिटले आणि आवाज बदलला.

"लेकरा, तू आपल्या मरणानं गेलास?"

इंजिन नुसतंच धडधडलं.

"तुला कुणी करणी करून खाल्लं?"

इंजिन गरजलं.

"मला दिसतंय... डोंगरावरची बाई... झाडपाल्याची... हातात मध..."

माना वळल्या. डोंगरावरच्या वाडीतली बाया नावाची बाई आपल्या मुलाबरोबर, शिदूबरोबर, गर्दीच्या कडेला उभी होती. साठीची, हडकुळी. मध, करवंदं, औषधी मुळ्या विकायची. सत्यम मेला त्या सकाळी त्यानं तिच्याकडून मधाची बाटली घेतली होती, हे गावाला ठाऊक होतं.

"हीच का ती?" बाबांनी विचारलं.

इंजिन तीनदा गरजलं.

"मी काय केलं न्हाई," बाया म्हणाली. "पोरगं चांगलं व्हतं. मी काय केलं न्हाई."

कुणीतरी तिचे केस धरले. ढेकूळ आलं, कपाळावर फुटलं. शिदू मधे पडला, त्यालाही चौघांनी धरलं. "हिनं आजच्या आज वाडी सोडली पाहिजे," बाबा म्हणाले. "नाहीतर पुढचा नंबर कुणाचा, ते मी सांगणार नाही. रथच सांगेल!"

अपेक्षा उठली. राग आला म्हणून नव्हे, तिला रागही येत नव्हता. तिला एवढंच कळलं, की हे थांबवू शकणारं इथं दुसरं कुणी नाही, आणि आपण चार महिने गप्प बसलो म्हणून ते इथवर आलं.

ती सरळ समर्थसमोर जाऊन उभी राहिली.

"ताट खाली ठेव."

"वहिनी, आरतीचं ताट..."

"ठेव म्हणते ना!"

तिनं ताट हिसकावलं. समर्थचा हात झटक्यानं मागे गेला आणि इंजिन जोरात गरजलं. त्याच्या बोटातल्या अंगठीला मासे धरायच्या गळाची पारदर्शक दोरी बांधलेली होती. दोरी जीपच्या जाळीतून आत गेली होती. अपेक्षानं बॉनेट उघडलं. दोरीचं दुसरं टोक इंजिनाच्या पंपाच्या दांडीला होतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर जी दांडी हलते, तीच.

तिनं दोरी अंगठीतून सोडवून आपल्या हातात घेतली आणि गर्दीकडे तोंड केलं.

"सत्यम, माझं नाव अपेक्षा ना?"

दोरी ओढली. इंजिन गरजलं.

"तुझं नाव दत्तोबा ना?"

गरजलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"आज सोमवार आहे?"

पुन्हा गरजलं. आता बरेच जण हसले. ती इथंच थांबणार होती. पण तोंडातून आणखी एक प्रश्न निघून गेला.

"तू जिवंत आहेस?"

तिनं दोरी ओढली. इंजिन पहिल्यासारखंच, तेवढ्याच जोरात गरजलं.

नंदाबाईंच्या हातातली किल्ली खाली पडली.

अपेक्षानं आत वाकून गुंडी ओढली. इंजिन थांबलं.

"तीर्थ लागत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज दुकानात भाव सांगताना असायचा तसाच होता. "ही गुंडी सत्यमनं बसवली, माझ्यासमोर. बाबा वाकून हीच ओढतात. आता ऐका. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगीला बॅटरी आणि किल्ली लागते. डिझेलला ठिणगी नसते. आत हवा इतकी जोरात दाबली जाते की तापते, आणि तिच्यात डिझेल उडालं की आपोआप पेट घेतं. बॅटरी फक्त सुरुवातीला इंजिन फिरवायला. ते काम उतार करतो, नाहीतर तुम्ही लोटून करता. नारळ काहीच करत नाही."

"नास्तिक आहे ही!" बाबा कडाडले. "नवऱ्याचा आत्मा तळमळतोय आणि ही..."

"शिदूभाऊ, या इकडं," अपेक्षा म्हणाली.

शिदूला धरणारे हात सैल पडले. तो घाबरत आला. तिनं त्याला सीटवर बसवलं, गिअर टाकून दिला, क्लच कधी सोडायचा ते सांगितलं. "लोटा," ती लोकांना म्हणाली. कुणी हललं नाही. मग दत्तोबा पुढे झाले, त्यांनी एकट्यानं खांदा लावला. मग आणखी दोघं आले. जीप घरंगळली, आचका बसला, इंजिन चालू झालं. शिदू दचकून स्टेअरिंगला चिकटला.

"याच्या आईनं सत्यमला खाल्लं म्हणता ना?" अपेक्षानं विचारलं. "मग सत्यम याच्यासाठी का चालू झाला?"

बायाचे केस कुणी धरले होते, हे आता कुणाला आठवेना. बाबा आणि समर्थ आपल्या पांढऱ्या गाडीकडे सटकले, पण दत्तोबांनी गाडीच्या पुढ्यात बाज आणून टाकली आणि तिच्यावर बसून राहिले. पोलीस येईपर्यंत हलले नाहीत. बाया, शिदू आणि अपेक्षा यांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली.

तीन दिवस नंदाबाई जीपकडे फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी अपेक्षाला म्हणाल्या, "मला वाडीवर ने."

दोघी चालत चढल्या. बाया दारात हिरडे वाळत घालत होती. कपाळावर खपली धरली होती. नंदाबाईंनी हात जोडले.

"माजं चुकलं, बाया."

बाया हिरडे पसरत राहिली.

"तुमी सगळ्यांनी त्या गाडीला इचारलं," ती म्हणाली. "चार महिनं इचारलं. मला एकदा तरी कुनी इचारलं का, बाया, त्या सकाळी काय झालं?"

नंदाबाई खाली मातीत बसल्या. "आता इचारते. काय झालं?"

"मध घेतला त्यानं. हसला. पर छातीवर हात चोळत व्हता. म्हनला, कालपासनं जळजळतंय, दम बी लागतोय, पित्त झालं आसंल. मी म्हनलं, घाम लय आलाय तुला, पाला न्हाई देनार मी, सरळ डागदरकडं जा. तो म्हनला, गिऱ्हाईक थांबलंय, दुपारी जातो."

अपेक्षाला सत्यमची ही सकाळ माहीतच नव्हती. तिच्या छातीत काहीतरी हललं, दुखलं, आणि दुखतंय एवढं तरी तिला कळलं.

"पुन्ना सांग," नंदाबाई म्हणाल्या. "समदं सांग."

बायानं पुन्हा सगळं सांगितलं.

त्या सकाळी सत्यमला काय होत होतं हे चार महिने या डोंगरावर एका बाईला ठाऊक होतं. वेळेवर डॉक्टरकडे गेला असता तर कदाचित वाचलाही असता. हे समजायला बाबा लागत नव्हता, गुरुवार लागत नव्हता, गरजणारं इंजिनही नाही. छातीत जळजळ होऊन घाम सुटला तर दवाखाना गाठायचा. आणि काही अघटित घडलं तर, ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्या माणसाकडे जाऊन नीट विचारायचं, एवढंच लागत होतं.